हळूबाई खोली शोधते

"मंगळवार, ९ फेब्रुवारी. सकाळी आकाश स्वच्छ, वारा नाही. भाचीबरोबर दोन खोल्या पाहिल्या. पहिलीत भिंतीपलीकडे कोणाचा तरी फ्रिज. दुसरी जमिनीवर झोपून पाहिली. मीही झोपले. उठताना एजंटने हात दिला. खूप हसलो. गुडघा ठीक."

शाळेत सिस्टरांनी आम्हाला रोजनिशीची सवय लावली तेव्हा बजावलं होतं, तारीख आधी, हवामान मग, आणि मनातलं शेवटी, तेही जागा उरली तर. त्यामुळे माझ्या वह्यांमध्ये ढग फार आणि हसणं कमी. पण त्या फेब्रुवारीत "खूप हसलो" इतक्या वेळा आलं आहे की सिस्टरांनी लाल शाईने पानं रंगवली असती. म्हणून ती हकिगत एकदा सलग लिहून काढते.

भाची म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी. घरात तिला सगळे हळूबाई म्हणतात. बोलायला लागल्यापासून तिचं एकच सांगणं. दार हळू लावा, भांडं हळू ठेवा, हळू हसा, हळू शिंका. शिंक हळू कशी द्यायची हे माझ्या मेहुण्यांना शेवटपर्यंत जमलं नाही. बिचारे शिंक आली की जिना उतरून खाली रस्त्यावर जायचे. हळूबाईच्या सगळ्या कपड्यांच्या मानेवरची लेबलं कापलेली, मोजे कायम उलटे घातलेले, कारण आतली शिवण बोटांना चावते. ट्यूबलाइटखाली बसवलं तर म्हणायची, दिवा किरकिरतोय. अत्तर लावलेली बाई जवळ आली तर नाक धरायची नाही, डोळे मिटायची. लोक म्हणायचे, नखरेल आहे. लाडावून ठेवलीय.

सव्विसाव्या वर्षी एका डॉक्टरीणबाईंनी नीट तपासून सांगितलं की ही ऑटिस्टिक आहे. आवाज, उजेड, वास, स्पर्श हे हिला आपल्यापेक्षा कितीतरी जास्त पोचतात, आणि एकदम सगळे मिळून पोचतात.

"म्हणजे मी नखरे करत नव्हते?" हळूबाईने विचारलं.

"अजिबात नाही."

"मग हे माझ्या आत्यांना फोन करून सांगाल का? मला फोनवर बोलणं जमत नाही."

डॉक्टरीणबाई हसल्या. हळूबाई नाही हसली. तिला खरंच फोन करून हवा होता.

ती दातांच्या कवळ्या बनवते. दवाखान्याच्या मागच्या खोलीत तिचं टेबल आहे. तिथे ती मेणात एकेक दात बसवते आणि छोट्या यंत्राने घासते. त्या यंत्राची किंकाळी मला दाराबाहेरही सोसत नाही, पण तिला काही वाटत नाही. "तो आवाज मी करते," ती म्हणते, "तो कधी येणार ते मला माहीत असतं." माझी कवळी तिच्याच हातची. बसवली तेव्हा माझा 'स' शिट्टी मारत होता म्हणे. मला पत्ताही नव्हता. तिने तीनदा काढून घेऊन घासली, शेवटी 'सासूबाई सकाळी सरबत' असं काहीतरी म्हणायला लावलं, आणि मग सोडलं.

तर प्रश्न असा होता. धाकटीचे गुडघे गेले, जिना होईना, म्हणून महिनाअखेरीला ती राहती जागा सोडून मुलाकडे जायची होती. मुलगा म्हणजे हळूबाईचा दादा. त्याचं घर मोठं आणि प्रेमळ, पण त्या प्रेमाला आवाज फार. जुळी मुलं, एक कुत्रा, आणि सूनबाई घरी गाणं शिकवते. दादा म्हणाला, "तू पण चल. वेगळं राहायची काय गरज आहे?"

"तुझ्याकडे आले की मी कपाटात राहते," हळूबाई म्हणाली. ते खरंच होतं. मागच्या सुट्टीत ती कपाटात बसून जेवली होती.

"मग वेगळी राहशील तिथे काय करशील? शेजारी नसतात का? एकदा गेली होतीस, आठवड्यात परत आलीस."

"खोली चुकली होती."

"बरं. महिनाअखेरपर्यंत तुला मानवेल अशी एक खोली दाखव. सामान मी स्वतः उचलीन. नाही सापडली तर मुकाट्याने माझ्याकडे यायचं, आणि कपाटात बसायचं नाही."

"मावशी, तू येशील माझ्याबरोबर?" तिने मला विचारलं. आता या वयात मला कोण कुठे बोलावतं? मी चपला घालूनच हो म्हटलं.

खोल्या दाखवायला जो एजंट मिळाला त्याच्या कमरेला किल्ल्यांचा हा मोठा जुडगा. आम्ही त्याला किल्लीवालाच म्हणू लागलो. पहिल्याच दारात तो जुडगा खळखळवू लागला तशी हळूबाई म्हणाली, "तुमच्या किल्ल्या माझ्या दातांत वाजतात."

तो बिचारा तिच्या दातांकडे बघत राहिला. मग मी समजावलं, तशी त्याने खिशातला रुमाल काढून जुडगा गुंडाळला. माणूस चांगला होता.

हळूबाईची खोली बघायची पद्धत अशी. आधी उंबऱ्यावर नुसतं उभं राहायचं. मग चारी भिंतींना कान. मग कपाटात डोकं घालून वास. मग दिवे लावून, मालवून, परत लावून. आणि शेवटी जमिनीवर उताणं झोपायचं.

"काकू, त्यांचं काही हरवलंय का?" किल्लीवाल्याने मला हळूच विचारलं.

"नाही हो. ऐकतायत."

"काय?"

"ते आता कळेल."

त्या मंगळवारच्या दुसऱ्या खोलीत ती जमिनीवरूनच म्हणाली, "मावशी, ये ना. खाली कोणीतरी शिवणयंत्र चालवतंय. आणि मधेच थांबतंय. परत कधी सुरू होणार कळतच नाही. ऐक." मी पदर खोचला आणि तिच्या शेजारी आडवी झाले. मला काही ऐकू येईना. किल्लीवाल्याला राहवेना. तोही झोपला. "हो की!" तो म्हणाला. "आलं, आलं! आता थांबलं!"

तेवढ्यात घरमालक आत आले. बघतात तर तीन माणसं ओळीने छताकडे तोंड करून.

"कोण गेलं?" ते किंचाळले.

"कोणी नाही हो," किल्लीवाला पडल्यापडल्या म्हणाला. "खोली बघतोय."

"खोली उभ्याने बघतात!"

झालं. मला असं हसू फुटलं की उठताच येईना. किल्लीवाला मला हात द्यायला वाकला तर तोच परत खाली बसला. माझी कवळी सुटली. हळूबाई शांतपणे म्हणाली, "वरून दाबून धर, मावशी. तुझ्या हिरड्या बदलल्यात. उद्या माप घेते." घरमालकांनी आम्हाला खोली दिली नसती, पण आम्ही मागितलीही नाही.

असे पंधरवडाभर आम्ही हिंडलो. एका खोलीत भिंतींना नवा रंग होता, हळूबाई त्याच्या वासाने जिन्यावरूनच परत फिरली. एकीत समोरच्या दुकानाची पाटी रात्रभर लुकलुकायची. एक मला फारच आवडली होती, खिडकीत झाड आणि झाडावर पक्षी. "हे पक्षी एकमेकांशी भांडतायत," हळूबाई म्हणाली, "आणि कोणीच जिंकत नाहीये." पुढे चला.

मग किल्लीवाल्याने हुकमाचं पान काढलं. शेवटचा मजला, दुहेरी काचांच्या खिडक्या, खाली वाचनालय, शेजारचे लोक परदेशात गेलेले. "काकू, इथे मुंगी चालली तरी ऐकू येईल," तो छाती फुगवून म्हणाला. बघायला सगळं घर लोटलं. दादा आला, धाकटी दोन ठिकाणी बसत बसत जिना चढली. आत शिरलो आणि सगळ्यांचे आवाज आपोआप कुजबुजीवर आले. अशी शांतता मी आयुष्यात ऐकली नव्हती. धाकटीच्या डोळ्यांत पाणी आलं. दादा म्हणाला, "बस्स. हीच. आजच ठरवून टाकू."

हळूबाई म्हणाली, "मला जरा एकटी बसू द्या."

आम्ही चौघं बाहेर जिन्यावर श्वास रोखून बसलो. आणि मला उचक्या लागल्या. धाकटीने माझं तोंड दाबलं. दादाने पाठ चोळली. किल्लीवाल्याने खुणेने सांगितलं, श्वास धरा. मी धरला, मोठ्ठी उचकी आली आणि वाचनालयातून कोणीतरी वर बघून "शूऽऽ" केलं. त्यानंतर आमची जी अवस्था झाली ती काय सांगू? धाकटी पदर तोंडात कोंबून हलत होती. एवढ्या मोठ्या दादाने डोकं गुडघ्यांत घातलं होतं. त्याचे खांदे उडत होते.

दार उघडलं. हळूबाई पांढरीफटक. आमचं हसू जागच्या जागी विझलं.

"इथे काहीच नाही," ती म्हणाली. "म्हणून सगळंच आहे. पलीकडच्या इमारतीची लिफ्ट आहे. खाली कोणीतरी पान उलटतं. कोणाच्या तरी घरात घड्याळ आहे. आणि मी डोळे मिटले की पापण्यांचा आवाज येतो."

"पापण्यांचा?" दादा म्हणाला.

"मी पुढच्या आवाजाची वाट बघत बसते. सारखी."

दादा चिडला. चिडायचा त्याला हक्क होता असं नाही, पण तो खरंच थकला होता. "अगं, आवाज नको म्हणतेस, म्हणून ही शोधली! याहून शांत जागा स्मशानात सुद्धा मिळणार नाही! मग तुला हवंय तरी काय?"

"मला माहीत नाही," ती म्हणाली. हे तिने यापूर्वी कधी म्हटलेलं मला आठवत नाही. तिला काय नको हे ती कायम सांगू शकायची.

"मग ठरलं. महिना संपला की माझ्याकडे."

ती कानांवर जाड हेडफोन चढवून तरातरा खाली उतरली. मी मागे धावले. माझ्या वयाच्या मानाने धावले. मोठ्या रस्त्याला गाड्या म्हणून तिने मागची गल्ली धरली. दोन्ही बाजूंना गोदामं, लोखंडी शटर, भिंतीला टेकवलेल्या सायकली. मी हाका मारतेय, ती पुढे. आणि एका भिंतीपाशी ती अशी थांबली की मी तिच्यावर जाऊन आदळले.

तिने भिंतीला तळहात लावला होता. मग दुसरा लावला. मग गाल. मग, भर गल्लीत, हेडफोन काढले. रस्त्यावर हेडफोन काढलेली हळूबाई मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली.

आतून घरघर येत होती. जाड, खोल, एका पट्टीत. खाली न येणारी, वर न जाणारी. माझ्या पायांखालची फरशी थरथरत होती.

"मावशी," ती म्हणाली, "धुण्याचं मशीन."

"कुठे आहे?"

"लहानपणी मी धुण्याच्या मशीनला पाठ लावून बसायचे. आठवतं? तेव्हा बाकीचे सगळे आवाज याच्या पोटात जायचे. मग आई यायची आणि बंद करायची. मला त्रास होत असेल म्हणून."

"अगं, मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही सगळे इतक्या प्रेमाने बंद करायचात. मला वाटलं, बंदच करायचं असतं."

आणि ती हसायला लागली. दोन्ही हात झटकत, जसं ओल्या हातांवरचं पाणी झटकावं. खूष झाली की ती असे हात झटकते. तिचं बघून मी पण झटकले. पलीकडून एक सायकलवाला गेला, त्याने वळून बघितलं आणि बहुतेक त्याला वाटलं काहीतरी उडवतायत, त्याने पण डोक्यावरून हात फिरवला.

तो मोज्यांचा कारखाना होता. आत ओळीने उभी गोल यंत्रं, प्रत्येकाच्या वर सुताची शंकूसारखी रिळं, आणि खाली एकेक मोजा पडतोय. त्यांच्या मधून एक धिप्पाड बाई आमच्याकडे आल्या. त्या मालकीणबाई. त्यांनी एक म्हातारी आणि हातात हेडफोन घेतलेली एक बाई पाहिली आणि आम्ही तोंड उघडायच्या आत ओरडल्या, "आवाजाची तक्रार असेल तर दाराबाहेर पेटी आहे! तिच्यात टाका! ती पेटी मी उघडत नाही!"

"तक्रार नाही," हळूबाई म्हणाली.

"काय?"

मी ओरडले, "तक्रार नाही म्हणतेय!"

"मग काय वर्गणी पाहिजे?"

हळूबाई त्यांच्या जवळ गेली. ती कोणाच्या जवळ जात नाही, पण गेली. "तुमचा आवाज फार सुंदर आहे," ती म्हणाली. "यंत्रांचा. वरती कोणी राहतं का?"

मालकीणबाईंनी आधी तिच्याकडे, मग माझ्याकडे पाहिलं. "ही बरी आहे ना?"

"एकदम बरी आहे," मी म्हटलं. "दात बनवते."

याने त्यांचं समाधान का झालं कोण जाणे, पण झालं. वरती एक खोली होती, सुताच्या पोत्यांनी भरलेली. "तिथे कोणी राहत नाही हो! दिवसरात्र यंत्रं चालतात, रविवारी सुद्धा. डोकं फुटतं माणसाचं!" असं म्हणत त्या आम्हाला वर घेऊन गेल्या. हळूबाईने कपाटात डोकं घातलं. सूत आणि यंत्राचं तेल. "हा वास सरळ आहे," ती म्हणाली. "वळणं घेत नाही." मग ती जमिनीवर झोपली. मालकीणबाई काही विचारणार तोच मी म्हटलं, "बघतेय."

आणि तेवढ्यात भोंगा झाला.

पाळी संपल्याचा भोंगा नेमका त्या खोलीच्या खिडकीखाली लावलेला. हळूबाई पोत्यांच्या मागे गेली होती, गुडघे पोटाशी, हात कानांवर, झुलत होती. मला वाटलं, गेलं. हेही गेलं.

मी तिला हात लावला नाही. अशा वेळी लावायचा नसतो. मालकीणबाईंनाही नको म्हटलं. त्या जरा अंतरावर फतकल मारून बसल्या. खालची यंत्रं चालूच होती. बऱ्याच वेळाने हळूबाईचं झुलणं यंत्रांच्या लयीत गेलं, मग थांबलं.

"तो रोज होतो?" तिने पोत्यांमागून विचारलं.

"दर पाळीला," मालकीणबाई म्हणाल्या. "सासऱ्यांनी बसवला. मला तर लग्न झाल्यापासून त्याचा राग आहे. पहिल्या दिवशी हातातला कप पडला माझ्या."

"मग बंद का नाही केलात?"

मालकीणबाईंनी कपाळावर हात मारला. "अगं बाई," त्या म्हणाल्या. "सासरे जाऊन किती वर्षं झाली! त्यांना काय, आता ऐकू येणारे?" आणि त्या गदगदा हसायला लागल्या, पोतं धरून. "भोंगा नसला तर माझ्या बायका घरी जायला विसरतील की काय? अहो, त्या भोंग्याच्या आधीच पिशवी घेऊन उभ्या असतात!"

त्या स्वतः खाली जाऊन तार उपसून आल्या. पाळी बदलली की खाली यंत्रांपाशी दिवा उघडझाप करायचा असं ठरलं. दिवा साधा, पिवळा, न किरकिरणारा.

दादा दोन दिवसांनी बघायला आला. तो नाही म्हणायचं ठरवूनच आला होता, चेहऱ्यावर लिहिलेलं होतं. जिना चढताना म्हणाला, "मावशी, ही खोली आहे की मिक्सर? माझे दात वाजतायत!"

"घट्ट करून मिळतील," मी म्हटलं.

"काय?"

"काही नाही!"

"इथे चांगला माणूस वेडा होईल! मी हिला इथे ठेवणार नाही. लोक काय म्हणतील, बहिणीला कारखान्यात टाकली?"

त्याने दार ढकललं. हळूबाई सकाळपासून पोती हलवत होती. आता ती दोन पोत्यांवर आडवी होऊन झोपली होती. दुपारी. तोंड उघडं, एक हात खाली लोंबतोय, आणि चक्क घोरत होती. लहानपणापासून पान हललं तरी जागी होणारी मुलगी! दादा दारातच उभा राहिला. त्याने ओरडायला उघडलेलं तोंड मिटलं. मग सवयीने तो चवड्यांवर चालू लागला, चोरासारखा, एकेक पाऊल तोलत.

मी त्याच्या कानाशी गेले. "अरे, नीट चाल. इथे तू नाचलास तरी ती उठणार नाही."

त्याने माझ्याकडे पाहिलं. मग त्याने एक पाय आपटला. हळूबाई घोरतच होती. त्याने दुसरा आपटला. आणि मग तो चाळिशी ओलांडलेला, दोन मुलांचा बाप, त्या खोलीभर धाडधाड पाय आपटत फिरला. लहानपणापासून घरात चवड्यांवर चालला होता तो. मी टाळ्या वाजवल्या. कवळी हाताने धरून हसले. खालून मालकीणबाईंनी ओरडून विचारलं, "वर काय पडतंय?"

"दादा!" मी ओरडले.

जाताना तो एवढंच म्हणाला, "शनिवारी टेम्पो सांगतो. पलंग जिन्यातून वळेल ना?"

पलंग वळला नाही. किल्लीवाला मदतीला आला होता. तो, दादा आणि मालकीणबाई यांनी तो खिडकीतून दोरीने वर घेतला. "हळू, हळू!" असं सगळे ओरडत होते आणि हळूबाई वरून ओरडत होती, "जोरात ओढा!" धाकटीला खुर्चीवर बसवून गल्लीत ठेवलं होतं. ती प्रत्येक झोल्याला डोळे मिटत होती. मालकीणबाईंनी सगळ्यांना मोज्यांची एकेक जोडी दिली. हळूबाईने तिची तिथेच उलटी करून घातली.

तिला अंगावर वजन असल्याशिवाय झोप लागत नाही, म्हणून मी घरून माझी रजई नेली होती. ती पलंगावर पसरून दिली आणि दादाच्या गाडीतून परत आले. खूप हसलो, हे त्या दिवशीही लिहिलं आहे. त्याखाली शेवटची ओळ अशी:

"जाड रजई हळूबाईला दिली. मला दोन चादरी एकावर एक घ्याव्या लागतील. निळी उसवली आहे, उद्या शिवायची."